बुडालेल्या घराच्या दारात

माझं माहेर कुंडलचं. सगळा उसाचा मुलूख. पाणी म्हणजे विहीर नाहीतर पाट, एवढीच माझी ओळख. लग्न होऊन कोयनेच्या काठाला आले तेव्हा आमच्या ह्यांनी मला होडीत बसवलं आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. हे हसत सांगत होते, आता गिरणीवर आलो, आता पारावर आलो. डोळे उघडून बघते तर चारी बाजूंना नुसतं पाणी.

मग कळलं, आमच्या इकडं वाट अशीच सांगतात. धरण झालं, खालचं गाव बुडालं, माणसं वर डोंगराच्या अंगाला येऊन राहिली. पण पाण्यावरची वाट सांगायची ती अजून खालच्या गावावरूनच. गिरणीवरून डावीकडं वळ, देवळावरून सरळ जा. ज्यांनी ती गिरणी जन्मात पाहिली नाही ती पोरंसुद्धा असंच बोलतात. मीही बोलायला लागले. फक्त मे महिना सरत आला की पाणी खाली जातं, गाव थोडं थोडं वर येतं, आणि मग उलटं करावं लागतं. वर्षभर ज्याच्यावरून गेलो त्याला वळसा घालून जायचं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. धरणाच्या बाजूला नणंदेच्या नातीचं लग्न होतं, तिकडं आम्ही दोघं आमच्याच होडीनं गेलो होतो. शिरवळला कारखान्यात असतो तो आमचा लेक फोनवर सांगत होता, लाँचनं जा. त्याचं चुकीचं नव्हतं. वर्षभर ह्यांचं विसरणं वाढलं होतं. चहा पिऊन कप खाली ठेवायचे आणि चहा कधी देतेस म्हणायचे. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. लेक म्हणाला, होडी विकून टाका आणि माझ्याकडं या. मी त्याला एकाच गोष्टीवर थोपवून धरलं होतं: बाबा जमिनीवर चुकतात, पण पाण्यावर कधी चुकत नाहीत. आणि ते खरं होतं. ज्या दिवशी पाण्यावर चुकले, त्या दिवशी आमचं इथलं राहणं संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. फ्लॅटमध्ये हा माणूस काय करणार?

लग्न आटोपून दुपारची जेवणं झाल्यावर निघालो. हे मागं इंजिनाचा दांडा धरून, मी पुढं, मधे लग्नातल्या लाडवांचा डबा. काठाकाठानं चाललो होतो. पाणी उतरलं की काठाला तांबड्या मातीचा उघडा पट्टा पडतो, त्याच्यावर गवताची काडी नसते. बुडालेल्या झाडांची काळी खोडं तेवढी उभी असतात. त्या पट्ट्यावर पाखरू बसत नाही. का ते मला कुणी सांगितलं नाही.

मी म्हटलं, जरा हळू घ्या. तर म्हणाले, "म्हशी बी पाण्यात खुशाल बसत्यात. तू त्यांच्याहून भित्री."

माणूस ठिकाणावर आहे म्हणून मला बरं वाटलं.

थोड्या वेळानं टेकाडाचं टोक आलं. त्याला वळसा घालायचा असतो. ह्यांनी घातला नाही. खोडांच्या दोन रांगांमधून होडी सरळ आत घेतली.

"आवं, वळसा घाला की."

"वळसा कशाला? वाट सरळ हाय."

इंजिन गाळात रुतून बंद पडलं. ऊन होतं तरी मला अंगभर गार वाटलं, इतकं सगळं गप्प झालं. हे उठले, चपला काढल्या आणि खाली उतरले. मला वाटलं, आता कमरेपर्यंत जाणार. घोट्यापर्यंत ओले झाले फक्त. गाळाखाली गावचा जुना दगडी गाडीरस्ता होता, त्याच्यावरून ते चालायला लागले. मी हाक मारली, वळून बघितलं नाही. मीही उतरले, तर पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत आत. रडकुंडीला येऊन पाय उपसला आणि मग त्यांच्या पावलावर पाऊल टाकत निघाले.

वर आलेल्या गावातली घरं म्हणजे काय, कमरेएवढ्या भिंती, गाळानं सारवल्यासारख्या. एका घरातलं उखळ तसंच जमिनीत होतं, त्यात पाणी साठलं होतं आणि त्या पाण्यात बोटाएवढा एक मासा गोल गोल फिरत होता. मी नजर काढून घेतली.

हे एका घरापुढं थांबले. त्यांचंच घर. दार नव्हतं, चौकट नव्हती, वर नुसतं आभाळ. तरी हे खाली वाकले आणि आत गेले.

मी बाहेरच थांबले. गाव बुडालं तेव्हा हे सात-आठ वर्षांचे. एवढं पोर दारातून जाताना कशाला वाकेल? वाकायचे ते माझे सासरे. फार उंच होते, चौकट कपाळाला लागायची, असं सासूबाई सांगायच्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते माझ्या लग्नाआधीच गेले.

आत हे पाठमोरे उभे होते, खांदे ताठ करून. ह्यांचे खांदे असे नसतात. दिवस उतरत होता. ह्यांना हाका मारून उपयोग नव्हता, त्या मारून झाल्या होत्या. मग मी काय केलं, माझं मलाच नवल वाटतं. डोक्यावरून पदर घेतला, भिंतीच्या आडोशाला झाले, सून सासऱ्याशी बोलते तशी, तोंड दुसरीकडं करून.

"मामंजी, दिवस कलला. तुमच्या लेकाला आता माघारी धाडा. घरी जायाचंय आमाला."

 आतून आवाज आला. तोंड ह्यांचंच असणार, पण आवाज मी कधी ऐकलेला नव्हता.

"पोराला पाण्याजवळ ठिऊ नगंस."

मी "जी" म्हटलं.

थोड्या वेळानं हे बाहेर आले. माझ्याकडं, चिखलानं भरलेल्या माझ्या लुगड्याकडं बघून म्हणाले, हे काय गं, कुठं पडलीस? मी म्हटलं, तुमच्या मागं मागं आले. दोघांनी मिळून वल्ह्यानं होडी रेटली, इंजिन एकदाचं लागलं, ह्यांनी टेकाडाला नीट वळसा घातला आणि उजेड असतानाच आम्ही घरी पोचलो. एक वळण चुकलं नाही. मी सांगितलं नसतं तर कुणाला काही कळलंही नसतं.

हे हातपाय धुवायला गेल्यावर मी लेकाला फोन लावला. म्हटलं, येऊन आम्हाला घेऊन जा. होडी विकून टाक.

तो चकितच झाला. वर्षभर नाही नाही म्हणणारी तू, आज काय झालं?

"मामंजींनी सांगितलंय," मी म्हटलं.

 तो हळूच म्हणाला, "आई, तू बरी हायस न्हवं?"

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन आला. शिरवळला जायच्या आधी आम्हाला कराडला डॉक्टरांकडं नेलं, आणि त्यांच्या खोलीत ह्यांच्या आधी मला पाठवलं.