पाटणकरांचा मंत्र

अल नहदाच्या टॉवरमध्ये राहणारे उल्हास पाटणकर शारजातल्या एका इंटिरिअर कंपनीत टाइल्स-प्लायवुडचे अंदाज काढतात. पाढा पुटपुटल्याशिवाय त्यांना गुणाकार येत नाही. पण शिक्षण विचारा, मान तिरकी करून म्हणणार, "कॉन्व्हेंट, यू नो!" खरं तर जिथे शिकले त्या नगरपालिकेच्या मुलांच्या शाळा नंबर चारचं नाव दुबईत उतरल्यापासून त्यांनी तोंडातून काढलेलं नाही. उलट हाताखालच्या निखिलचं इंग्रजी अडखळलं की सगळ्यांदेखत, "मराठी मीडियम ना रे? हळूहळू जोड शब्द. यल्ला, चल लवकर!"

त्यांचे बॉस कोनरसाहेब आयर्लंडचे. एकदा चहाला बसले असताना ते आपल्या शाळेच्या आठवणींत शिरले. फक्त मुलांची प्राथमिक शाळा, शिकवणं सगळं आयरिश भाषेत. बंद पडलेल्या बेकरीच्या माडीवर पालकांनीच सुरू केलेली. गाव हसायचं, ही भाषा शिकून पोरांना नोकरी कोण देणार? पाऊस आला की छप्पर गळायचं, मास्तर पोरांसकट बाकं सरकवायचे. पुढे पोरं वाढली, स्वतःची इमारत झाली.

"मी अजून आयरिशमध्येच मोजतो," साहेब छाती काढून म्हणाले. "आणि उल्हास, तू रे काय पुटपुटत असतोस?"

निखिल साइटवर होता. पण बाकी सगळं ऑफिस टेबलाभोवती, आणि सगळे त्यांना कॉन्व्हेंटवाले समजणारे. पाटणकरांच्या तोंडून निघून गेलं, "प्रेयर, सर. मंत्र आहे."

पुढच्या आठवड्यात क्लायंट आले, फैजभाई. लॉबीत एका रांगेला एकोणतीस टाइल्स, अशा सात रांगा हव्यात म्हणाले. पाटणकरांचे ओठ हलू लागले. कोनरसाहेबांनी ताबडतोब हात वर केला.

"वन मिनिट, एव्हरीबडी. उल्हास इज प्रेइंग."

लॅपटॉप मिटले. फैजभाईंनी मान झुकवली. "ज़ोर से बोलिए, भाईसाब. बरकत होगी."

आता काय करता! पाटणकरांनी डोळे मिटले आणि गाभाऱ्यातला आवाज लावला. "एकोणतीस एके एकोणतीस... एकोणतीस दुणे अठ्ठावन्न... एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

कानाच्या पाळ्या तापल्या. समोरच निखिल बसलेला, त्याला शब्दन् शब्द कळत होता. आता हसेल. आता फिस्सकन हसेल.

"निखिल, यू नो धिस प्रेयर?" साहेबांनी हळूच विचारलं.

"येस, सर. एव्हरी डे... इन माय स्कूल. म्युन्सिपाल्टी स्कूल, सर."

पाढा संपला. डोळे उघडायचा धीर होईना, म्हणून पाटणकरांनी तिसाचा धरला. तोही संपला. त्यापुढचा शाळेत घेतलाच नव्हता.

डोळे उघडले. निखिल हात जोडून, मान खाली घालून बसला होता. हसला असता तर त्याच्यावर डाफरता तरी आलं असतं.

"आमीन," फैजभाई म्हणाले.

"आमीन," पाटणकर टेबलाकडे बघत म्हणाले.