नंदाचं चाचणीचं पान

नंदा गेली, हे तिच्या मुलीनं, प्राचीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी आमच्या दुकानात प्रिंटरपाशीच उभी होते. महिना झाला. लोक म्हणतात, आता सावरा. मला सावरायचं नाही... मला अजून भांडायचं आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघींनी कर्वेनगरात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणीचं, दुकान काढलं. पहिलंच पुस्तक नंदाच्या वडिलांचं. अण्णा कारखान्यातले कामगार. धम्मदीक्षेनंतर, तिशी उलटल्यावर अक्षरं शिकलेले. तेव्हा अंथरुणाला खिळले होते आणि पुस्तक हातात घ्यायचं एवढाच ध्यास होता. छपाईसाठी पानांच्या फिल्म काढून देणाऱ्या स्वारगेटजवळच्या एकाकडे फ्लॉपी दिली, तर पानं आली ती इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन.

"मॅडम, हे मशीन मराठीसाठी नाही," मालक म्हणाला. "हातानं लिहून झेरॉक्स काढा की."

मीही म्हणाले, "जाऊ दे गं, तसंच करू." त्याची लाज अजून वाटते.

"मॅन्युअल द्या," नंदा मालकाला म्हणाली. "तुम्ही ते उघडलेलं दिसत नाही."

दोन दिवस ती तिथल्या स्टुलावर बसून वाचत होती. मशीनला पान समजायचं ते पोस्टस्क्रिप्ट नावाच्या भाषेतून, आणि मालकाच्या मशीनमधली तिची आवृत्ती जुनी. आमचा ट्रूटाइप प्रकारचा फॉन्ट पडद्यावर देखणा, पण मशीनला तो उमगेना. मग ते गुपचूप स्वतःचा इंग्रजी फॉन्ट घालायचं. नंदानं पानापानावरच्या अक्षरांची रेषाचित्रं करून टाकली. चित्राला फॉन्ट लागतच नाही! फायली इतक्या जड झाल्या की एकेक पान वेगळं पाठवावं लागलं. मालकानं शेवटी चहा मागवला. तिनं घेतला नाही.

अण्णांनी पुस्तक उघडलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "हे मी स्वतः लिहिले आहे."

तेव्हापासून कुठलंही काम असो, नंदा आधी चाचणीचं पान काढायची. त्यावर फॉन्टचं नाव, त्याचा प्रकार, मशीनची आवृत्ती, आणि खाली अण्णांचं तेच वाक्य. ते नीट उमटल्याशिवाय काम बाहेर जायचं नाही. प्राची आयटीत आहे. ती हसायची, "आई, आता पीडीएफमध्ये फॉन्ट आतच असतो गं." नंदा म्हणायची, "असेल. दाखव."

नंदावरच्या या लेखासाठी वर्तमानपत्राच्या पुरवणीतून निरोप आला, लेख नुसता मेल करा, फॉन्ट आमच्याकडे आहे.

असेल. मी आधी चाचणीचं पान काढलं. खालची ओळ बोट ठेवून वाचली, मोठ्यानं. मगच लेख पाठवला.