अवं, ऐकलं का

चौसाळ्याच्या फाट्यावर मी काळ्यापिवळ्या जीपमध्ये मागं बसले होते, मांडीवर पत्र्याची पेटी आणि पेटीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. सोळा माणसं भरल्याशिवाय ड्रायव्हर हलायला तयार नव्हता. आण्णा बाहेर उभे राहून त्याच्याशीच भांडत होते, "पोरगी पुण्याला नोकरीला चालली बे, कोंबड्या नेतोस का माणसं?" जीप सुटली तेव्हा आई दोन पावलं जीपमागं आली आणि म्हणाली, "रोज आवाज देत जा गं. घरात आवाज लागतो."

घरात आवाजाची काही कमी नव्हती म्हणा. आमच्याकडं टीव्हीचं बटण कधीच बंद नसायचं, आवाजही पार शेवटच्या टोकाला. लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, शेत घराच्या मागं. म्हणून आण्णा टीव्ही चालू ठेवूनच शेतात जायचे. लाईट आली की घरातून बातम्या देणारा एकदम ओरडायला लागायचा आणि इकडं आण्णा पळत जाऊन विहिरीवरची मोटार चालू करायचे. देशात काय चाललंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. सरकार पडो नाहीतर राहो, आण्णांना तेवढंच कळायचं की लाईट आली.

आता मी चाकणजवळ एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी तपासते. एका गाडीत किती वायरी असतात ते बघाल तर गाडीत बसायची भीती वाटेल. त्यातली एक वायर फक्त बोलण्यासाठी असते. पट्टा लावा, दार उघडं आहे, डावीकडं वळा. पुण्यात सगळं बायकांच्या आवाजात बोलतं, लिफ्टसुद्धा. आण्णा पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले तेव्हा म्हणाले, "लई गुणाची पोरगी हाय. एकदा सांगून ऐकलं न्हाई तर परत सांगती, पर चिडत न्हाई. तुझ्या आईनं शिकायला पायजेल." आई मागच्या सीटवर होती. ती काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली. आण्णा पुण्याला यायला तयार नव्हते आणि तिकडं त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. बीपीची गोळी कधी राहूनच जायची, कधी दोनदा घेतली जायची. शेवटी घरासमोरच्या गॅरेजवाल्या शकीलभाईंना सांगून मी गावच्या घरात कॅमेरा बसवून घेतला. भिंतीवर, टीव्हीच्या वर. त्यातून दिसतं आणि बोलताही येतं. शकीलभाई म्हणाले, "ताई, ह्यात शिमकार्ड हाय, चिंता करू नका. फकत लाईट गेली की हे आंधळं आन मुकं." तुमच्यापैकी किती जणांनी असे कॅमेरे बसवलेत कोण जाणे. जेवणाच्या सुट्टीत तुम्हीही कोपऱ्यात बसून आपल्या बापाचं टक्कल वरून बघत असाल.

महिनाभर नीट चाललं. मग एका सकाळी कॅमेऱ्यात बघते तर गॅसवर दूध उतू चाललेलं आणि आण्णा खाटेवर पाठ करून बसलेले. टीव्हीवर चौघं एकदम ओरडत होते. "आण्णा! आण्णा!" मी घसा फोडून हाका मारल्या. ढिम्म. दुधानं ज्योत विझली, गॅस तसाच सुटत राहिला, आणि माझ्या तोंडातून कसं निघालं देव जाणे, "अवं, ऐकलं का! दूध!"

ही आईची हाक. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पंचेचाळीस वर्षं ती आण्णांना एवढंच म्हणाली. मुलीनं बापाला असं म्हणायची रीत नाही, मी जन्मात कधी म्हटलं नव्हतं. आणि माझा आवाज थेट आईचा, फोनवर मामासुद्धा फसायचा.

आण्णा ताडकन उठले. "आलो गं," म्हणाले. गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि मग कॅमेऱ्याकडं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून म्हणाले, "कवाची कुठं गेलतीस?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं. कारण दुसऱ्या दिवसापासून "आण्णा, गोळी" म्हटलं की ते "घेतो की" म्हणून विसरायचे, आणि "अवं, गोळी" म्हटलं की मुकाट्यानं घ्यायचे. जेवायचे, आंघोळ करायचे, दाढीसुद्धा. मी पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून बसायची आणि आई व्हायची. कुणालाच सांगितलं नाही. पाप वाटत होतं, पण बाप जगत होता.

मग माझी हाव वाढली. एका शुक्रवारी मी म्हटलं, "अवं, ऐकलं का. पोरीकडं जावा आता पुण्याला. हितं एकटं नका राहू."

आण्णांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "आन तू?"

"मी येते मागनं," मी म्हटलं.

त्यांनी खुंटीवरचे कपडे काढून पिशवी भरली आणि दाराशी ठेवली. रविवारी मी न्यायला जाणार होते.

शनिवारी कॅमेरा दिवसभर बंद. फोनवर नुसतं राखाडी चक्र फिरत होतं. आण्णांचा मोबाईलही लागेना. रविवारी सकाळी निघण्याआधी गाडीत बसून बघितलं, तर चित्र आलेलं. पिशवी दाराशी नव्हती. कपडे परत खुंटीवर.

"अवं," मी म्हटलं, "पिशवी का रिकामी केली?"

आण्णा चिडले. "तूच म्हणलीस की काल! दुपारभर माझं डोकं खाल्लंस, जाऊ नका म्हणून. गॅस चालू राहिलाय म्हणलीस, मी जाऊन बघतो तर खरंच चालू." मग त्यांनी मान वर करून पहिल्यांदाच सरळ कॅमेऱ्यात बघितलं. "आन म्हणलीस, पोरीला सांगा, माझ्या आवाजात बोलू नको म्हणावं."

मी गाडी चालू केली. पट्टा लावा, पट्टा लावा, गाडी म्हणत होती. मी तिच्यावर ओरडले, "गप बस!"

शकीलभाईंना फोन केला. ते म्हणाले, "काल? काल तर लाईटच नव्हती ताई, तार तुटली व्हती. सकाळी गेली ती रात्रीलाच आली. मी दुपारी चहा द्यायला गेलतो. आण्णा कुणाशी तरी बोलत व्हते. मला वाटलं फोनवर तुमी हायत."

"आणि गॅस?"

"व्हय, वास येत व्हता थोडा. माझ्या आधीच बंद केलता त्यांनी. पण आण्णांना तर वासच येत न्हाई ना, करोना झाल्यापासून?"

सहा तासांचा रस्ता. डावीकडं वळा, सरळ जा, त्या गुणाच्या पोरीला बंद करून मी गेले. चौसाळ्यात उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. लाईट नव्हती, घर अगदी गप्प होतं. आण्णा खाटेवर बसून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं ओकले. "आण्णा, ती आई नव्हती. मीच होते. कॅमेऱ्यातून मीच बोलत होते. मला माफ करा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आवाज अगदी साधा होता.

"मला कळत न्हाई व्हय? तू 'अवं' म्हणताना लई घाई करतीस. तिला घाई नसती."

"मग तुमी ऐकत का होता माझं?"

"तू एवढी मरमर करतीस म्हणून. बापाला जगवायला पोरगी आई झाली, तिला न्हाई कसं म्हणायचं?" मग ते म्हणाले, "पर बाई, आता तुझं तू बोल. तिचं ती बोलती."

तेवढ्यात लाईट आली आणि टीव्ही एकदम बोंबलला. मी किंचाळले. आण्णा हसत हसत मोटार चालू करायला उठले. शेत दुसऱ्याला बटईनं कसायला देऊन दोन वर्षं झालीत, हेही ते विसरलेत.

जाताना मी कॅमेरा काढायला स्टूल लावलं. "राहू दे," ते म्हणाले. "तुझा आवाज कसा येणार मग आमाला?" आम्हाला. मी स्टूल जागेवर ठेवलं.

तर गाव सोडून गेलेल्यांनो, आणि राहिलेल्यांनो, मला पूर्वी वाटायचं की घर म्हणजे आपण लांबून ज्याच्यावर लक्ष ठेवतो ते. आता तसं वाटत नाही. आण्णांना पुण्याला आणायचं मी सोडलं. दर रविवारी मीच जाते, आणि रोज दुपारी कॅमेरा उघडून माझ्याच आवाजात बोलते.

पहिले दोन दिवस त्यांनी माझं ऐकलंच नाही. "आण्णा, गोळी," म्हटलं की "घेतो की," आणि टीव्हीकडं तोंड. गोळी तशीच वाटीत. माझ्या ओठांवर 'अवं' आलं होतं. मी दातांत धरलं.

तिसऱ्या दिवशी कॅमेरा उघडला. मी अजून काही बोललेही नव्हते. आण्णा जेवून खाटेवर बसले होते. अचानक त्यांनी मान वळवली, स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडं बघितलं आणि कुरकुरत म्हणाले, "घेतो गं, घेतो. कान खाऊ नको." वाटीतली गोळी घेतली, वर पाणी प्यायले.

मग कॅमेऱ्याकडं बघून हसले.

"बाई, तू जेवलीस का? ही इचारतीय."

"जेवले," मी म्हटलं. "सांगा तिला."