दुसऱ्या बटणाची उंची

ओवासेच्या डोंगरात हिनोकीची झाडं मोजावीत ती तामोत्सुनंच, असं वन सोसायटीत कधीचं ठरून गेलं होतं. गडी पायानं चिवट आणि तोंडानं फटकळ. झाडाची जाडी छातीच्या उंचीवर मोजायची, म्हणजे जमिनीपासून एक मीटर वीसवर, हा इकडचा नियम. पण दर झाडाला टेप लावत बसलं तर मोजणी व्हायची कधी? म्हणून मोजणीवाला तरुणपणीच एकदा टेप लावून बघतो, कोटाचं कुठलं बटण त्या उंचीला येतं. मग चढाच्या बाजूला उभं राहायचं, त्या बटणासमोर लाकडी कॅलिपरच्या चिमट्यात खोड धरायचं, जाडीची खाच वाचायची, खडूची रेघ मारायची आणि पुढचं झाड गाठायचं. तामोत्सुचं वरून दुसरं बटण. कोट विटले, फाटले, नवे आले; त्याची बायको योशिए जुना कोट समोर पसरून नव्याचं बटण नेमकं तिथंच लावून द्यायची. आता यात चुकायला जागा कुठं आहे, सांगा.

त्या वर्षी सोसायटीनं लेसरची मोजणी करायची ठरवली आणि त्यासाठी होक्काइदोहून मिनोरी नावाची मुलगी आणली, तीही हंगामापुरती. काम पटलं तर ठेवू, अशा बोलीवर. हेलिकॉप्टरमधून डोंगरावर प्रकाश सोडायचा. थोडा शेंड्यावरून परत येतो, थोडा पानांतून झिरपून जमिनीवरून येतो. त्या दोहोंतल्या फरकावरून झाडाची उंची कळते आणि पुढं हिशेब करत अख्ख्या डोंगरात लाकूड किती तेही. पण तो हिशेब खरा की खोटा हे ताडायला डोंगरातले काही तुकडे पायी फिरून मोजावे लागतात. ते मोजले तामोत्सुनं. मग मिनोरीनं त्याच झाडांभोवती तिपाईवरचं लेसर फिरवलं, तर तिची झाडं त्याच्यापेक्षा बारीक भरली. एखाददुसरं नव्हे, झाडून सगळी.

बिचारी पुन्हा गेली, पावसात पुन्हा मोजून आली. आकडे तेच.

त्यात डोंगरदेवीचा सण आला. त्या दिवशी डोंगरात पाऊल टाकायचं नाही. सोसायटीच्या दालनात जमायचं, कोटाच्या आतून ओकोझे मासा हळूच दाखवायचा आणि सगळ्यांनी पोट धरून हसायचं. आपल्याहून कुरूप कुणी आहे हे बघून देवी खूश होते म्हणे. साके पोटात गेल्यावर तामोत्सुची जीभ सुटली. यंदा मासा कशाला, म्हणाला, या पोरीचे आकडे दाखवा देवीला. आणि मग त्यानं घाव घातला.

"अहो, होक्काइदोत एक मीटर तीसवर मोजतात. वर मोजलं की झाड बारीकच भरणार! यंत्र नवंकोरं, पण सवय माहेरची."

दालन हसून हसून लोटपोट झालं. कोडं सुटलं म्हणून सगळ्यांनाच बरं वाटलं. "मी एक मीटर वीसच लावलंय, तामोत्सु-सान," एवढंच मिनोरी म्हणाली. कोण ऐकतंय? तिनं मान खाली घातली आणि शेजारच्याचा पेला भरला. सचिव काताओकानं तिथल्या तिथं सांगून टाकलं की पुढच्या बैठकीत हिचा निकाल लावू. तिची मान खालीच राहिली, आणि तामोत्सुला, खोटं कशाला सांगू, गंमत वाटली.

बैठकीच्या दिवशी सकाळी तो एकटाच डोंगर चढला. तरुणपणी त्यानं एक तुकडा टेप लावून मोजला होता आणि झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढले होते. तिथले आकडे आणून तोंडावर मारावेत, म्हणजे कायमची कटकट मिटेल. पहिल्या झाडाशी उभा राहिला. पट्टा पुसट झाला होता, पण होता. बटणासमोर नव्हता, गळ्यासमोर होता.

पावसानं माती वाहून गेली असेल, असं त्याला वाटलं. पाचोळा उकरून बघितला, तर मुळं जशीच्या तशी झाकलेली. दुसरं झाड, तिसरं झाड, सगळीकडे पट्टा गळ्याशी. झाडाबरोबर पट्टा वर गेला म्हणावं, तर झाड शेंड्याकडून वाढतं, खोडावरची खूण जागची हलत नाही, हे त्यानंच पोराटोरांना शिकवलेलं. शेवटी टेप काढली. पट्टा बरोबर एक मीटर वीसवर होता.

म्हणजे बटण खाली आलं होतं. पाठ वाकली होती आणि बटण तिच्याबरोबर उतरलं होतं. बुंध्याकडं झाड जाड असतं, त्यामुळं त्याची सगळी झाडं जाड भरत होती. योशिएनं मोहरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळून दिलेला भात तसाच पिशवीत राहिला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. सगळं दालन हसतंय आणि ती मान खाली घालून पेला भरतेय, हेच डोळ्यांसमोर येत राहिलं.

तो खाली आला तेव्हा मिनोरी पडवीत यंत्र पेटीत भरत होती. आत बैठक सुरू झाली होती. त्यानं अडखळत सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"तुमच्या खडूच्या रेघा इतक्या खाली बघितल्या तेव्हाच कळलं होतं मला."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"कुणाचं म्हातारपण चारचौघांत कसं काढायचं?" ती म्हणाली. "राहू द्या आता. मी जाईन परत."

तामोत्सुला वाटलं, हिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. गप्प बसायची मुभा ती स्वतःहून देत होती, आणि घटकाभर, लाज वाटते सांगायला, ती घ्यावी असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मग तो आत गेला. खांबाशी उभा राहून काताओकाला म्हणाला, "टेप लावा या बटणाला." काताओकानं लावली, वाचली, आणि टेप तशीच धरून राहिला.

"यंत्र बरोबर आहे. मी वाकलोय," तामोत्सु म्हणाला. "हसा की आता. त्या दिवशी हसलात ना?"

कुणी हसलं नाही. मिनोरी दारात येऊन उभी होती. तो तिच्याकडं वळला आणि माफी मागायला वाकला. आधीच वाकलेला माणूस आणखी किती वाकणार? तरी वाकला, आणि ती "उठा आता, तामोत्सु-सान" म्हणत राहिली तरी त्याच्यानं मान वर करवेना.