कुलूपवालीचा नवरा

माझी मावशी कुलूपवाली. गल्लीत तिला दुसरं नाव नव्हतं आणि तिलाही नको होतं. आजोबांच्या हाताखाली ती लहानपणापासूनच कानस चालवायला शिकली. धाकटी बहीण, म्हणजे माझी आई, शिवणकामात रमली. मावशीच्या नखांत मात्र कायम लोखंडाचा कीस.

आजोबा गेले आणि नगर कचेरीतून शिपाई आला. एकट्या बाईला किल्ल्या करायचा परवाना मिळत नाही, म्हणाला. सगळ्या गावाची दारं जिच्या हातात, तिच्या घरात जबाबदार पुरुष हवा. नवरा असला की झालं, मग त्याला कानस धरता येवो न येवो. मावशीचा चुलतभाऊ गल्लीच्या टोकाला कुलपंच विकायचा. तो त्याच संध्याकाळी सांत्वनाला आला आणि दुकानाची लांबीरुंदी डोळ्यांनीच मोजून गेला.

मावशी लग्नाच्या वाटेला कधी गेलीच नव्हती. आता कुणाला धरून आणावं? तिला मोजणीदार आठवला. जमीन मोजणी खात्यातला हा उंच, किडकिडीत माणूस समोर भाड्याच्या खोलीत राहायचा. खात्याचा नियम असा, की बिनलग्नाच्यांना सरहद्दीवरच्या छावण्यांत धाडायचं आणि संसारी माणसांना गावातच नकाशे काढायला बसवायचं. मागच्या छावणीतल्या तापाने त्याचं पार चिपाड केलं होतं. पुन्हा गेला तर परत येईल, असं कुणालाच वाटत नव्हतं.

तो पेटीचं कुलूप दुरुस्तीला घेऊन आला, तेव्हा मावशीने कानस बाजूला ठेवली.

"तुम्हाला बायको हवीय, मला नवरा. जगाला दाखवण्यापुरता. मागची खोली तुमची, वरची माझी. पटतंय का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं आणि मान डोलावली. बस, एवढंच. "मला वाटलं, माणूस मुका आहे," मावशी पुढे सांगायची. "म्हटलं, बरंच झालं."

कचेरीत सह्या झाल्या. मागच्या खोलीच्या दाराला मावशीने स्वतःच्या हातांनी कुलूप बसवलं, असं की दुसऱ्या कुठल्याही किल्लीला ते दाद देणार नाही. किल्ली त्याच्या हवाली केली आणि शब्द पाळला म्हणून खूश झाली.

पण मग तिला चैन पडेना. सकाळी ती चहाचं आधण ठेवत असायची, तेव्हा दाराआड तो बोलत असायचा. आत दुसरं कुणी नाही. जरा पुटपुट, मग थांबणं, मग पुन्हा तेच. शब्द काही कळत नसत. चहाला बाहेर आला की मात्र दोनच वाक्यं, स्वच्छ, मोजूनमापून. "आज वारा फार आहे. खिडकी लावून घ्या." संपलं! हा बोलतो कुणाशी? डोकं तर फिरलेलं नाही ना? दाराला कान लावावा, तर दार जाड. किल्लीच्या भोकातून डोकावावं, तर त्यावर झाकण तिनेच बसवलेलं. स्वतःच्या कामाचा एवढा राग तिला कधी आला नव्हता.

अशात चुलतभावाने कचेरीत चुगली केली, की हे लग्न म्हणजे निव्वळ नाटक आहे. एका दुपारी तपासनीस येऊन दुकानात बसला. चुलतभाऊ दारात उभा.

"नवऱ्याला भावंडं किती?" तपासनीसाने विचारलं.

मावशी हातातली कानस उलटसुलट करू लागली.

"बरं, त्यांना आवडतं काय?"

मावशीने पदराने घाम पुसला. तेवढ्यात मोजणीदार कामावरून आला. तपासनीस त्याच्याकडे वळला. "तुम्ही सांगा. बायकोबद्दल काय माहीत आहे?"

त्याने तोंड उघडलं आणि पहिलाच शब्द घशात अडकला. मान ताठ झाली, डोळे मिटले. चुलतभाऊ फिसकन हसला. पण मोजणीदार मागे हटला नाही.

"त्या... का-कानस चालवताना गु-गुणगुणतात. चहा अ-अर्धाच पितात, उरलेला गा-गार झाल्यावर. उजवा खां-खांदा दुखतो, सांगत नाहीत. म्हातारं गि-गिऱ्हाईक आलं की आधी खु-खुर्ची देतात. रा-रागावल्या की जिना वाजवत च-चढतात." तो दम घ्यायला थांबला. "हल्ली रो-रोज वाजतोय. का, ते मला मा-माहीत नाही."

तपासनीसाने टोपी उचलली. "माझ्या बायकोबद्दल मला एवढं सांगता येणार नाही," म्हणाला आणि चुलतभावाला घेऊनच बाहेर पडला.

मावशी तिथेच उभी. "सकाळी खोलीत कुणाशी बोलता?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तु-तुमच्याशी. चहाला काय बो-बोलायचं ते घो-घोकतो. दोनच वा-वाक्यं जमतात."

"अहो, त्याच्यापायीच तर जिना वाजतोय!" मावशीला हसावं की रडावं कळेना. "उद्यापासून घोकायचं नाही. जे काय अडायचं ते इथे, माझ्यासमोर अडू दे."

"वे-वेळ लागेल."

"लागू दे की. चहा पुन्हा गरम करता येतो."

दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. बाहेर गिऱ्हाईकं फळी ठोठावत होती आणि आत मावशी एकेक विचारत होती. भावंडं किती? छावणीत झोपायचात कुठे? दोन गावं एकाच ओढ्यावरून भांडायला लागली, तर हद्दीचा दगड कुठे रोवायचा? तो अडखळत सांगत होता आणि ती हनुवटीला हात लावून ऐकत होती.

त्याचं अडखळणं काही गेलं नाही. मागच्या खोलीत पुढे जुनी कुलपं साठली, कारण तिथे आता कुणी राहत नव्हतं. काही वर्षांनी कायदा बदलला, परवाना मावशीच्या स्वतःच्या नावाने झाला. चुलतभावाने खोचकपणे विचारलं, "आता नवरा कशाला हवा?"

"अजून बरंच विचारायचं राहिलंय त्यांना," मावशी म्हणाली आणि कामाला लागली.

मी मोठी झाल्यावर धीर करून विचारलं, "मावशी, काकांवर जीव कधी जडला गं तुझा?"

ती विचारात पडली. "नक्की नाही बाई सांगता येत. त्यांनाच विचार. पण सवडीने विचार हं, ते सविस्तर सांगतात."

मी विचारलं. अख्खी दुपार गेली, आणि ती मी कुणाला देणार नाही.