पट्टकदंबाचा डावा पंख

टाळी मीच वाजवली. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ज्यांना ज्यांना मी ही हकीकत सांगितली, त्यांनी ऐकता ऐकता ती टाळी माझ्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला. धुकं होतं, तार होती, पाखराचं नशीब होतं, असं म्हणाले. ते सगळं होतंच. पण टाळी माझी होती.

साकोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकोणीस वर्षांपासून जीवशास्त्र शिकवते. माहेर अड्याळचं, त्यामुळे तलाव, धानाची शेतं म्हणजे बांध्या, आणि हिवाळ्यात तलावावर येणारी पाखरं मला लहानपणापासून माहीत. पण पंख मी शिकले तो पुस्तकातूनच. छातीचा मोठा स्नायू पंख खाली ओढतो, त्याच्याखालचा लहान स्नायू खांद्यावरून गेलेल्या दोरीसारख्या कंडरेने पंख वर उचलतो, हे मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकते. पोरांना मात्र ते पाठ करण्यापलीकडे काही वाटत नाही. म्हणून त्या जानेवारीत मी ठरवलं की धडा तलावावर जाऊन शिकवायचा.

बारावीच्या बावीस मुलामुलींना घेऊन आम्ही सकाळी साडेसातला साकोलीजवळच्या एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पोहोचलो. धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोरी, म्हणजे लाख डाळीचं पीक, हिरवीगार उभी होती आणि तिच्यात पट्टकदंब चरत होते. राखाडी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेले मोठे हंस. चाळीसेक तरी असतील. हे हिमालय ओलांडून येतात, असं मी सांगितलं तेव्हा मुलं पहिल्यांदा गप्प झाली.

"मॅडम, उडताना दिसतील का?" एका मुलीने मोबाइल सरसावत विचारलं.

धुकं अजून विरलं नव्हतं. थोडं थांबायला हवं होतं. पण नऊच्या एसटीने परतायचं होतं, दुसऱ्या तासाला वर्ग होता. मी म्हटलं, "नीट बघा हं. पहिले पाच-सहा ठोके बघा. सगळी ताकद तिथं लागते." आणि दोन्ही हात वर करून जोरात टाळी वाजवली.

थवा उठला. वजनदार पाखरं ती, धावत धावत, पंख मारत, एकमेकांना हाका देत वर आली. आम्ही पाळीवर, म्हणजे त्यांच्या आणि पाण्याच्या मधे उभे होतो. त्यामुळे ती आधी आमच्यापासून लांब गेली आणि मग पाण्याकडे यायला शेताच्या कडेने वळली. त्या कडेने मोटरपंपांची विजेची लाइन जाते. ती मला येताना दिसली होती. तिच्याखालूनच आम्ही चालत आलो होतो.

आवाज फार मोठा झाला नाही. तार थरथरली, ठिणगी वगैरे काही नाही. थव्यातलं एक पाखरू एका बाजूने दुमडलं आणि लाखोरीत पडलं. बाकीचे पाण्यावर उतरले.

आम्ही धावलो. ते जिवंत होतं. मान ताठ करून आमच्याकडे बघून फुत्कारत होतं, आणि डावा पंख मागे लोंबत होता. मोबाइलवाली मुलगी रडायला लागली. "मॅडम, त्याले तार दिसली नाही का?"

मी उत्तर दिलं. तेही नीट, वर्गात द्यावं तसं. याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून याला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, पण नाकासमोरचं फार थोडं. मान खाली वाकवली की तेवढंही निसटतं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मुलं माझ्याकडे विचित्र नजरेने बघताहेत. पाखरू पायाशी पडलंय आणि बाई शिकवताहेत.

तेवढ्यात त्या बांधीचे मालक आले. सत्तरीचे असतील, गावात सगळे त्यांना आबाजी म्हणत. लाखोरी तुडवली म्हणून रागावतील असं वाटलं. त्यांनी खांद्यावरचं पोतं पाखरावर टाकलं, दोन्ही पंख अंगाशी धरून त्याला उचललं आणि म्हणाले, "डोयावर अंधार केला का शांत रायते."

"आबाजी, मी टाळी वाजवली," मी म्हटलं.

"मी बी रोज डब्बा वाजवतो जी. माल खाऊन टाकतेत हे." मग पाखराचं डोकं नीट झाकत, सहजच म्हणाले, "पन मी तिकडून हाकलतो, पान्याकडं. तलावाच्या पायीवर उभा राहून नाई हाकलत. लाइन हाये नं इकडं."

त्यांनी दोष दिला नव्हता. कोणत्या बाजूने हाकलायचं, एवढंच सांगितलं होतं. ते वाक्य मी अजून गिळू शकलेले नाही.

मुलांना नऊच्या एसटीत बसवलं. गावापासून जवळच गुरांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांनी पोतं उघडलं आणि आधी माझ्याकडेच बघितलं. "मॅडम, मी गाईम्हशींचा डॉक्टर. पाखरांचं तुम्हीच सांगा." मग दोघांनी मिळून पंख चाचपला. कोपर आणि मनगट यांच्या मधे दोन हाडं असतात. जाड हाड मोडलं होतं, बारीक शाबूत होतं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. "बारीक हाडाचा आधार आहे. जुळेल हे." त्यांनी पंख मिटवून, पट्टी आठाच्या आकड्यासारखी फिरवून अंगाशी घट्ट बांधला. त्यांचे हात मोठे होते, पण काम फार हळुवार.

वनखात्याला कळवणं भागच होतं. जंगली पाखरू घरी ठेवता येत नाही. वनरक्षक आले ते तरुण आणि समजूतदार निघाले. त्यांनी साहेबांना फोन लावला आणि मला विचारलं, "मॅडम, नागपूरला पाठवायचं का? पाखरांचे डॉक्टर आहेत तिथं. दुपारी गाडी चालली आहे आमची."

पाखरू तेव्हा टोपल्यातली लाखोरीची पानं खात होतं. हाड जागेवर होतं. शंभर किलोमीटरच्या प्रवासात ते घाबरून मरेल, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर ते माझ्या नजरेआड जाऊ नये, असंही वाटलं. मी म्हटलं, "इथंच राहू द्या. मी रोज येईन."

वनखात्याच्या रोपवाटिकेच्या मागे जाळीची एक खोली होती, तिथे त्याची सोय झाली. मी खरंच रोज गेले. कॉलेज सुटलं की स्कूटीवर कोवळा पाला घेऊन जायचं, पाण्याचं घमेलं धुवायचं, पट्टी सैल तर झाली नाही ना ते बघायचं. दर दोन दिवसांनी आबाजी सायकलवर लाखोरीची पेंढी पाठीमागे बांधून आणून द्यायचे. स्वतःच्या शेतातली. "तसंबी खाल्लीच असती त्यानं," म्हणायचे.

त्याच दिवसांत मोबाइलवाल्या मुलीचा मेसेज आला. त्या सकाळचा व्हिडिओ तिच्याकडे होता. डिलीट करू का, असं विचारत होती. मी म्हटलं, आधी मला पाठव.

तो मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. बोटाने पुढे-मागे सरकवत, एकेक चित्र थांबवत. थवा वळतो. कडेचं एक पाखरू मान वाकडी करून खाली बघतं. कशाकडे, तर आमच्याकडे, पाळीवरच्या त्या आरडाओरडा करणाऱ्या माणसांकडे. तेवढा वेळ त्याला समोरचं दिसत नाही. मग मान सरळ होते, आणि तार त्याला दिसते. हे मला आधी माहीत नव्हतं. त्याला तार दिसली होती. पुढच्या चित्रात शेपटी पंख्यासारखी पसरलेली आहे, पाय पुढे आलेत, दोन्ही पंख उभे झालेत, आणि पंखाच्या पुढच्या कडेवर अंगठ्याचं ते लहानसं पिसांचं टोक उचललेलं आहे. वेग कमी होऊनही पडू नये म्हणून पाखरं ते उचलतात. माझ्या पुस्तकात त्यावर दोन ओळी आहेत. जे जे करता येण्यासारखं होतं ते त्याने अर्ध्या सेकंदात केलं. पण अंग जड, वेग मोठा. घार असती तर फिरली असती. याचे पंख लांबच्या वाटेसाठी, न थांबता मारत राहण्यासाठी. जागच्या जागी वळण्यासाठी नाहीत.

मुलीला मी लिहिलं, हवं तर डिलीट कर. माझ्याकडून झाला नाही.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. हाड पक्कं जुळलं होतं. जुळल्या जागी गाठ लागत होती, पण हलत नव्हतं. आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो. मग त्यांनी उजवा पंख उघडून बघितला, तो पूर्ण उघडला. डावा उघडायला गेले, तर तो पाऊणच उघडला आणि थांबला. पाखरू कळवळलं.

खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीची एक पातळ घडी असते. पंख उघडला की ती ताणली जाते, आणि ती ताणली तरच पंखाला त्याचा आकार येतो, तो पुढून गोल आणि मागे निमुळता आकार. ती घडी आखडून कडक झाली होती.

डॉक्टरांनी नागपूरच्या कोणाला तरी फोन केला. मी शेजारी उभी होते. बराच वेळ ते फक्त "हो सर, हो सर" करत होते. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "पट्टी मधेमधे सोडून पंख ताणून द्यायचा असतो म्हणे. दर दोन-चार दिवसांनी. नाहीतर कातडी आखडते." थोड्या वेळाने म्हणाले, "मला माहीत नव्हतं, मॅडम."

"मलाही," मी म्हटलं.

पट्टी सैल होऊ नये म्हणून रोज बघायला जाणारी मी होते.

त्यानंतर आम्ही रोज पंख ताणला. शेकलं, तेल लावलं, इंचाइंचाने वाढवलं. वनरक्षक त्याला पोटाशी धरायचे, मी पंख उघडायची, त्याची चोच माझ्या मनगटावर चावे घ्यायची. थोडा फरक पडला. पुरेसा नाही. नागपूरला नेलं तर काही होईल का, हेही विचारलं. आता उशीर झाला, असं उत्तर आलं.

फेब्रुवारीच्या शेवटी तलावावरचे पट्टकदंब अस्वस्थ झाले. संध्याकाळी उठायचे, चकरा मारायचे, परत बसायचे. जायची वेळ आली होती. वनरक्षक म्हणाले, "एकदा सोडून बघू. त्याच्या माणसांत."

सकाळ स्वच्छ होती. आबाजी होते, डॉक्टर होते. मी मुलांना आणलं नव्हतं. या वेळी आम्ही लाइनीपासून लांब, तलावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. मी पोतं उघडलं. ते क्षणभर उभं राहिलं, थव्याचा आवाज ऐकून मान उंचावली, आणि धावलं. पंख उघडले, ठोके बसले, पाय जमिनीवरून सुटले. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर आलं. छातीत ताकद होती, अजूनही होती. पण उजवा पंख हवा पुरी धरत होता, डावा सांडत होता. ते डावीकडे कललं, सावरायला जास्त जोराने मारू लागलं, आणखी कललं, आणि कडेच्या पाण्यात पडलं. मग पोहत थव्याकडे गेलं.

"पोवते तरी," आबाजी म्हणाले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी थवा नव्हता. आबाजींनी फोन केला, "गेले जी सारे. आपलं एकटंच हाये." मी गेले तेव्हा ते पाण्याच्या मधोमध होतं आणि उत्तरेकडे तोंड करून हाका मारत होतं. वनरक्षकांनी त्याला परत पकडायचा दोनदा प्रयत्न केला. नाव जवळ आली की ते काठच्या पाण्यात वाढलेल्या बेशरमीच्या झुडपांत शिरायचं. पाण्यात ते आमच्यापेक्षा चपळ होतं. त्याला पकडून जाळीत ठेवावं की तलावावर राहू द्यावं, हे मलाही ठरवता येईना. शेवटी साहेब म्हणाले, राहू द्या, लक्ष ठेवा.

लक्ष आबाजींनी ठेवलं. बांधीत आता काही नव्हतं, तरी ते रोज सकाळी पाळीवर एक चक्कर मारायचे आणि रविवारी मला फोन करून सांगायचे. आज काठावर होतं. आज ढोरायजवळ चरून राहिलं होतं. पाणी उतरत चाललं, चिखल उघडा पडत चालला. एप्रिलच्या एका मंगळवारी फोन आला. मंगळवारी म्हणून मी उचलतानाच समजले.

"परवापासून दिसून नाई राहिलं, मॅडम."

मी कॉलेजातून रजा टाकून गेले. आम्ही दोघं तलावाभोवती पूर्ण फिरलो. उन्हाने चिखलाच्या भेगा पडल्या होत्या. झुडपं काठीने बाजूला करून बघितली. पाखराचं काहीच सापडलं नाही, एक पीसही नाही. आबाजींनी कुत्र्यांचं नाव काढलं, कोल्ह्याचं नाव काढलं, मग माझ्याकडे बघून तो विषय सोडून दिला.

"उडून तं गेलं नसन?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

डोक्याचा दुपट्टा सोडून आबाजींनी तोंड पुसलं. "मले काय समजते त्यातलं," ते म्हणाले. "तुमी शिकल्या हा. तुमीच सांगा."

मी हातातली काठी खाली ठेवली. ते म्हणाले ऊन फार झालं, घरी चला, चहा घ्या. आम्ही पाळीवरून गावाकडे चालायला लागलो. ते पुढे, मी मागे.