चिंट्याभाईच्या वाढदिवसाचे शुभेच्छुक

समाजकार्याला निघालं की समाज सुधारतो की नाही, देव जाणे; किस्से मात्र ढिगाने जमतात. आमच्याकडे इतके जमलेत की चहाला बसलं की एक जण सांगायला लागतो, दुसरा पुढचा तयार ठेवतो आणि तिसरा "असं नव्हतंच ते" म्हणून भांडतो.

आम्ही म्हणजे तिघं. मी, कर्जतच्या एका कॉलेजात भूगोल शिकवणारी. घारे हवालदार, जे रिटायर झाले पण त्यांचा आवाज अजून नोकरीत आहे. आणि फ्लेक्सवाला बाळा, ज्याच्या दुकानात आमच्या मीटिंगा होतात. काम एकच: कर्जत-खालापूरच्या शाळा-कॉलेजांतून फिरायचं आणि पोरांना सांगायचं की बाबांनो, कुठल्या भाईच्या नादी लागू नका.

हे सगळं सुरू झालं रोशन भोईरमुळे. रोशन माझा विद्यार्थी. पहाटे पोलीस भरतीसाठी धावायचा आणि संध्याकाळी चिंट्याभाईच्या बुलेटभोवती उभा राहायचा. चिंट्याभाई म्हणजे आमच्या नाक्यावरच्या 'डेंजर बॉईज' ग्रुपचा मालक. मारामारी त्याची, केस मात्र मागे उभ्या असलेल्या पोरांवर, आणि हा नामानिराळा. रोशनवर एक केस पडली असती तर भरतीचा विषय तिथेच संपला असता. हे रोशन सोडून सगळ्यांना कळत होतं. मला त्याचा भयंकर राग यायचा आणि तितकीच काळजीही वाटायची.

*

पहिला कार्यक्रम कोंडाण्याकडच्या एका शाळेत. हवालदार म्हणाले, पोरांना जरा घाबरवलं पाहिजे. मग त्यांनी आपल्या नोकरीतल्या एका नामचीन गुंडाची कथा सांगितली. तो कसा कौलांवरून पळाला, नदीत उडी कशी मारली, तीन महिने जंगलात कसा राहिला. पोरं श्वास रोखून ऐकत होती. मीही ऐकत होते, खोटं कशाला बोलू?

कथेच्या शेवटी तो पकडला गेला, जेलमध्ये गेला, आईची भेटसुद्धा झाली नाही. हवालदारांनी डोळ्यांना रुमाल लावला. प्रश्न विचारायला सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एक जण उठला.

"सर, नदीत उडी मारली तवा मोबाईल भिजला नाय का त्याचा?"

तेव्हापासून हवालदारांना कथा सांगायची बंदी आहे.

*

मग आम्ही नाटक बसवलं. खालापूरकडच्या शाळेत पोरांना भूमिका वाटायला गेलो तर सगळ्यांनाच भाई व्हायचं होतं. सज्जन विद्यार्थी व्हायला कुणी तयार होईना. मारून मुटकून एकाला उभं केलं, तर तो प्रयोगाच्या दिवशी तापाने आजारी पडला. म्हणजे असं त्याच्या आईने सांगितलं. आमच्या समोरून तो सायकलवरून गेला.

शेवटी मुख्याध्यापकांनीच ती भूमिका घेतली. भाई लोकांनी त्यांना घेरलं, "आमच्या ग्रुपमध्ये ये" म्हणाले. आता सरांनी बाणेदार नकार द्यायचा होता. पण सर वाक्य विसरले. सगळी शाळा बघतेय, पालक बघतायत, गावचे सरपंच बघतायत. सर घामाघूम झाले आणि हळूच म्हणाले, "बरं, येतो."

नाटक तिथेच संपलं. करायला गेलो गणपती आणि झालं माकड!

*

यातून आम्ही धडा घेतला: नकार द्यायचीच प्रॅक्टिस हवी. मोहोपाड्याच्या एका शाळेत मी पोरांकडून एकच वाक्य घोकून घेतलं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आवाज चढवायचा नाही आणि म्हणायचं, "मला हे पटत नाही. मी निघतो." पोरांनी इतकं सुंदर म्हटलं की मला भरून आलं.

आठवड्याने शाळेतून फोन आला. शाळेजवळच्या सगळ्या कॉलनीत हे वाक्य सुरू झालं होतं. बापाने दळण आणायला सांगितलं, पोरगं डोळ्यांत बघून म्हणालं, मला हे पटत नाही. गणिताच्या बाईंनी फळ्यापाशी बोलावलं, मला हे पटत नाही. एका आईने तर मला फोनवरच झापलं, "मॅडम, भाई आमच्याकडं कधी आलाच नव्हता. तुमी मात्र आलात."

मीच म्हणाले, बरं, मी निघते.

*

माथेरानला गेलो तेव्हा पोरांना विचारलं, तुमच्याकडे भाई आहेत का? एका घोडेवाल्याचा पोरगा म्हणाला, हितं जमत नाय. भाईला बुलेट लागते आणि गाडी वर येत नाय. एक जण आलेला दम द्यायला. बुलेट खाली दस्तुरीला, गाड्या थांबतात तितं, ठेवली आणि भाड्याच्या घोड्यावर बसून आला. हॉटेलवाल्याला तोंडभर शिव्या दिल्या, गॉगल चढवला, घोड्याला टाच मारली. पण घोडा हलेना, कारण घोडेवाला कुठेतरी टेकायला गेला होता आणि मालकाशिवाय घोडा पाऊल टाकत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, बसला तितंच. हॉटेलवाल्यानंच चहा पाजला त्याला."

*

आता बाळाचा पराक्रम. चिंट्याभाईचा वाढदिवस आला. नाक्यावर मोठा फ्लेक्स लागणार, आणि तालुक्यात फ्लेक्सचं चांगलं दुकान एकच. आम्ही बाळाला म्हटलं, नाही म्हण. तो म्हणाला, मॅडम, नाही म्हणायची प्रॅक्टिस तुम्ही पोरांना दिलीत, मला नाही.

त्याने वेळ वाचवायला आमच्याच कार्यक्रमाचं जुनं डिझाईन उचललं, मधे चिंट्याभाई टाकला, वर मुकुट टाकला, खाली डेंजर बॉईजचे फोटो टाकले. त्यात रोशन होता, शाळेच्या जुन्या ओळखपत्रावरच्या फोटोत, तेल लावून भांग पाडलेला. मग बाजूला नजर गेली. रोशनच्या शेजारी, 'शुभेच्छुक' म्हणून, मी आणि घारे हवालदार हसत उभे होतो. बाळा आम्हाला काढायला विसरला होता.

दिवसभर प्राचार्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचे फोन. हवालदारांच्या बायकोने तर त्यांना त्या दिवशी जेवायला वाढलं नाही.

*

आणि त्याच संध्याकाळची गोष्ट. बाळा धावत आला. भाई नाक्यावर कोयत्याने केक कापणार, रील काढणार, आणि कोयता आणायचा मान रोशनला दिलाय. हवालदारांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. म्हणाले, "रील पडलं की सगळ्यांना उचलतात. आणि पहिला प्रश्न असतो, हत्यार कुणी आणलं?"

आम्ही रोशनच्या घरी धावलो. त्याची आई, मंदाताई, दाराच्या मागे काहीतरी शोधत होत्या. मी त्यांना धापा टाकत सगळं सांगितलं: ग्रुप, कायदा, भरती, पोराच्या जन्माचं नुकसान. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कोयता त्यानं न्हेला?" त्या म्हणाल्या. "मंग उद्या राबाचा टाहाळ मी कशानं तोडू?"

भाताची रोपं करायची जमीन आधी भाजून घ्यायची, तो राब; त्यासाठी झाडांच्या पाल्याच्या फांद्या तोडायच्या, तो टाहाळ. ते काम दुसऱ्या दिवशी होतं. मंदाताईंनी चपला घातल्या आणि निघाल्या. आम्ही मागे.

नाक्यावर बुलेटच्या सीटवर केक, गाणं चालू, मोबाईल वर धरलेले. चिंट्याभाईने कोयता उंच उचलला होता. मंदाताई गर्दीतून सरळ आत गेल्या आणि लहान पोराच्या हातून कात्री घ्यावी तसा त्यांनी तो काढून घेतला. धारेवरून अंगठा फिरवला.

"धार गेली आसती तर तुजा बाप लावून देनार व्हता काय रं?"

गाणं बंद झालं. रोशन जमिनीकडे बघत होता. चिंट्याभाई गॉगल काढून म्हणाला, मावशी, बर्थडे हाय.

"मंग मोठ्यांच्या पाया पडावं."

सगळे मोबाईल चालूच होते. भाई वाकला. मंदाताईंनी डोक्यावर हात ठेवला, कोयता पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी ये राबाला. मानसं कमी हायत. ह्या पोरान्लाबी आन."

मला वाटलं, कसला येतोय. सकाळी मुद्दाम बघायला गेले. डेंजर बॉईज डोक्यावर पाल्याचे भारे घेऊन डोंगरावरून उतरत होते, रांगेत. चिंट्याभाई पांढऱ्या बुटांत, ऐनाच्या झाडाखाली फांद्या गोळा करत होता. एकदा त्याने कोयता मागितला होता म्हणे. मंदाताई म्हणाल्या, तुजा हात बसल्याला नाय, तू वाह.

वर झाडावर रोशन होता, हातात कोयता. त्याने एक मोठी फांदी अर्धी तोडली आणि खाली बघितलं.

"चिंट्या, सरक रं बाजूला. डोक्यात पडंल."

चिंट्या सरकला.